हाय मोडवर मधेच विझणारा टॉर्च: पाथरी तालुक्यातलं एक प्रकरण

पार्श्वभूमी

परभणी जिल्ह्यातल्या पाथरी तालुक्यातलं एक शेतकरी कुटुंब. थोडा गहू, थोडा ऊस, विहिरीवर मोटर. जानेवारीत थ्री फेजची पाळी रात्रीची होती, त्यामुळे घरातला एक जण लाईन आल्यापासून पहाटेपर्यंत दारं धरायला रानात असायचा. वाफा भरला का, सरी कुठे फुटली का, बांधावरच्या गवतात पाय टाकायच्या जागी काही आहे का, हे सगळं एका टॉर्चच्या भरवशावर. उसाच्या कडेला रानडुकरांचा वावर होता. अशा ठिकाणी अचानक अंधार होणं ही नुसती गैरसोय नसते.

टॉर्च ॲल्युमिनियमच्या बॉडीचा, तिसऱ्या हिवाळ्यातला. आत एकच १८६५० लिथियम सेल (१८ मिमी जाड, ६५ मिमी लांब), मागच्या टोपीत क्लिकचं बटन, हाय-मीडियम-लो असे तीन मोड, आणि बॉडीलाच यूएसबी चार्जिंग. एलईडी चार चिपांचा, सहा व्होल्टचा. सेल देतो तीन ते ४.२ व्होल्ट, म्हणून मधे व्होल्टेज चढवणारा बूस्ट ड्रायव्हर, म्हणजे एलईडीला वीज पुरवणारं सर्किट. हा शेवटचा तपशील पुढे फार कामाला आला, पण पहिल्या दुरुस्तीत त्याच्याकडे कुणी पाहिलं नाही.

अडचण

दुकानात टॉर्च आला तेव्हा तक्रार एका वाक्याची होती: "चालता चालता बंद पडायली." दुरुस्तीवाल्याने लगेच टोपी उघडली. प्रत्यक्षात या एका वाक्यात दोन वेगळ्या तक्रारी होत्या आणि त्या सुट्या व्हायला दोन आठवडे गेले.

एक: बांधावरून उडी मारली, टॉर्च हातावर आपटला की उजेड लुकलुकायचा आणि हायचा मीडियम व्हायचा. दुसरी: हायवर लावून स्थिर धरला तरी आठ-दहा मिनिटांत झटकन बंद. आधी मंद होणं नाही, लुकलुक नाही. बटन दाबून पुन्हा लावला की लागायचा आणि मिनिटभरात परत जायचा. लोवर मात्र पहाटेपर्यंत चालायचा. आणि हे सगळं रानात, रात्री. दिवसा दुकानात तो गुणी लेकरासारखा वागायचा.

पहिली दुरुस्ती

दुरुस्तीवाल्याने पहिला निर्णय घेतला तो सेल बदलायचा. निर्णय चुकीचा नव्हता, तिसऱ्या वर्षी सेलवर संशय येणं साहजिकच. पण दुकानात होता तो ९८०० एमएएच (सेलमध्ये किती वीज मावते त्याचा आकडा) छापलेला स्वस्त सेल. हायवर अर्धा मिनिट लावून पाहिला, व्यवस्थित लागला, टॉर्च परत दिला. त्या रात्री रानात हाय मोड लागताच विझला. म्हणजे आधीपेक्षा वाईट.

या ठिकाणी प्रकरणाने चुकीचं वळण घेतलं. दुकानदाराचं अनुमान असं: नवा सेल टाकूनही बंद पडतो, म्हणजे दोष सेलचा नाही. ऐकायला पक्कं वाटतं. पण नवा सेल चांगला आहे हे कुणी तपासलेलंच नव्हतं. १८६५० आकाराचे नावाजलेल्या कंपन्यांचे सेल सहसा ३५०० एमएएचच्या आसपास थांबतात, त्यामुळे ९८०० हा आकडा वाचूनच तो बाजूला ठेवायला हवा होता. वजनही सांगत होतं: चांगला सेल ४५ ते ४८ ग्रॅम भरतो, हा २९ ग्रॅम भरला. सोनाराच्या नाही, किराणा दुकानातल्या डिजिटल काट्यावरही हा फरक दिसतो.

जुना सेल परत घालून मग टोपी उघडली गेली. तिथे खरा दोष सापडला. बटनाला जागेवर धरणारी आट्यांची चकती, जिला दोन बारीक भोकं असतात, अर्धा फेरा सैल झाली होती. बॉडीच्या नळीची मागची कडा राखाडी पडली होती. हे दोन्ही महत्त्वाचे, कारण बाहेरचा रंगाचा थर वीज वाहत नाही. सेलच्या ऋण टोकापासून बॉडीपर्यंतचा प्रवाह स्प्रिंग, बटन, चकती आणि नळीची उघडी कडा याच वाटेने जातो. चकती घट्ट केली, कडा पुसली, आणि धक्क्याने मोड उडणं थांबलं.

पण आठ-दहा मिनिटांत बंद पडणं सुरूच राहिलं. आता दुकानदाराचा संशय ड्रायव्हरवर, आणि "गरम होऊन बंद पडती, नवीनच घ्या" हा सल्ला.

दुसऱ्यांदा उघडताना

टॉर्च परभणीच्या एका इलेक्ट्रॉनिक्स कारागिराकडे गेला. त्याने उघडण्याआधी प्रश्न विचारले, तेही अगदी साधे. "काका, बंद पडायच्या आधी उजेड कमी होतो का? बटन न दाबता परत लागते का? लोवर कधी गेली का? बंद पडल्यावर टॉर्चचं डोकं हाताला चटका देतं का?"

उत्तरं: उजेड कमी होत नाही, आपोआप लागत नाही, बटन दाबावंच लागतं, लोवर कधीच नाही, डोकं कोमट, थंडीत हात शेकावासा वाटेल इतपतच.

या चार उत्तरांनी निम्मी कामं संपली. कॉन्टॅक्ट सुटला असता तर तो क्षणात परत जुळून टॉर्च आपोआप लागला असता, किंवा अशा टॉर्चमध्ये मोड तरी बदलला असता, कारण क्षणभराचा खंड ड्रायव्हरला बटन अर्धवट दाबल्यासारखाच वाटतो. उष्णतेचं म्हणाल तर बहुतेक टॉर्च तापल्यावर उजेड टप्प्याने कमी करतात. शिवाय जानेवारीच्या रात्री परभणी भागात किमान तापमान एक आकड्यावर येतं, तेव्हा बंद पडणारा टॉर्च मे महिन्यात रोज बंद पडायला हवा होता. तो पडत नव्हता. आणि बटन दाबल्याशिवाय न लागणं ही खूण ड्रायव्हरच्या कमी-व्होल्टेज कटची आहे: सेलचं व्होल्टेज ठरलेल्या रेषेखाली गेलं की ड्रायव्हर स्वतःला बंद करून कुलूप लावतो, वीज एकदा तुटून परत आली की कुलूप उघडतं.

मग मोजमाप. बदलत्या व्होल्टेजच्या पुरवठ्यावर टॉर्च हायवर लावला. ४.० व्होल्टला २.० अँपिअर, ३.२ व्होल्टला २.५ अँपिअर, आणि २.८ व्होल्टला बंद. ड्रायव्हर निर्दोष होता. तो ठरल्याप्रमाणे बंद होत होता. पण आकडे आणखी एक गोष्ट सांगतात. व्होल्टेज कमी झालं तरी हा ड्रायव्हर उजेड कायम ठेवायला तेवढेच ८ वॅट ओढतो, म्हणून प्रवाह वाढवतो. सेलचा अंतर्गत रोध, म्हणजे सेलच्या आतच प्रवाहाला होणारा अडथळा, जास्त असेल तर वाढलेल्या प्रवाहाने व्होल्टेज आणखी पडतं, त्यामुळे प्रवाह आणखी वाढतो, आणि शेवटी एकदम २.८ ची रेषा ओलांडली जाते. म्हणून मंद न होता झटकन अंधार. साध्या, व्होल्टेज न चढवणाऱ्या ड्रायव्हरचा टॉर्च असता तर थकल्या सेलवर तो हळूहळू मंद झाला असता आणि लक्षण ओळखायला सोपं गेलं असतं.

सेलची परीक्षा दीड ओहम, दहा वॅटच्या सिमेंट रेझिस्टरवर. पूर्ण चार्ज केलेल्या जुन्या सेलवर आधी काहीही न जोडता मोकळं व्होल्टेज मोजायचं, मग रेझिस्टर जोडून पाच-सहा सेकंदांनी सेलच्याच टोकांवर परत मोजायचं. रेझिस्टर चटका देण्याइतका तापतो, त्यामुळे चिमट्यात धरून आणि थोडाच वेळ. २८ अंशांच्या खोलीत ४.१२ व्होल्टचे ३.६६ झाले. प्रवाह ३.६६ भागिले १.५, म्हणजे २.४४ अँपिअर, पडलेलं ०.४६ व्होल्ट भागिले २.४४, म्हणजे रोध सुमारे ०.१९ ओहम. थकलेला, पण दिवसा चालून जाईल असा.

दिवसा चालतो आणि रात्री नाही, तर रात्र दुकानात आणायला हवी. सेल झिपच्या प्लास्टिक पिशवीत घालून दोन तास फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवला (फ्रीझरमध्ये नाही, पिशवी दव बसू नये म्हणून). बाहेर काढून लगेच तीच चाचणी: ४.११ चे थेट ३.२३. रोध ०.४१ ओहम, म्हणजे दुपटीहून अधिक. थंडीत लिथियम सेलच्या आतली रासायनिक हालचाल मंदावते आणि जुन्या सेलमध्ये हा फरक जास्त जाणवतो.

आता हिशोब जुळला. ०.४१ ओहमच्या सेलमधून ८ वॅट ओढले तर पूर्ण चार्जला टोकावर जेमतेम ३.०३ व्होल्ट उरतात. सेल थोडा उतरून मोकळं व्होल्टेज ३.९५ च्या आसपास आलं की टोकावर २.८ पेक्षा कमी मिळतात आणि टॉर्च जातो. सेलमध्ये तेव्हा अजून तीन चतुर्थांशाहून जास्त वीज शिल्लक असते. बंद झाल्यावर ताण सुटतो, व्होल्टेज वर येतं, म्हणून बटन दाबल्यावर परत मिनिटभर चालतो. लोवर प्रवाह इतका कमी की सेल थकलाय हे कळतच नाही.

तोच रेझिस्टर ९८०० वाल्या सेलला लावला. खोलीच्या तापमानालाच ४.१५ चे ३.३१, रोध ०.३८. नवाकोरा सेल गरम खोलीत जेवढा देत होता, तेवढा तिसऱ्या हिवाळ्यातला जुना सेल फ्रिजमधून काढून देत होता. दुकानातली अर्ध्या मिनिटाची चाचणी तो का पास झाला आणि रानात लागताच का विझला, हेही यातून उलगडलं.

एक खबरदारी इथे नोंदवावी. मल्टीमीटर १० अँपिअरच्या खोबणीत लावून प्रवाह मोजताना त्याच्या बारीक तारांचाच रोध सेलच्या रोधाएवढा असू शकतो, आणि थकल्या सेलचा टॉर्च मीटर लावल्यामुळेच बंद पडतो. म्हणून या प्रकरणात व्होल्टेज सेलच्या टोकांवर मोजून प्रवाह हिशोबाने काढला.

तोलून पाहिलेले पर्याय

हाय मोड वापरायचाच नाही, हा फुकटचा पर्याय होता. शेतकऱ्याने तो नाकारला; उसाच्या पलीकडच्या कडेपर्यंत मीडियम पोचत नव्हता.

जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीतून काढलेला सेल पन्नास-साठ रुपयांत मिळत होता. त्यातले काही चांगले निघतात. पण किती वापरला गेलाय हे माहीत नसतं, आणि रेझिस्टरची थंड चाचणी केल्याशिवाय तो घेणं म्हणजे आधीचीच चूक परत करणं.

नवा चांगला सेल घ्यायचा तर संरक्षण-पट्टी (शॉर्ट झाल्यास किंवा सेल प्रमाणाबाहेर चार्ज झाल्यास वा उतरल्यास वीज तोडणारं छोटं सर्किट) असलेला की नसलेला, हा खरा विचार करायचा मुद्दा होता. पट्टीमुळे सेलची लांबी ६५ वरून ६८-७० मिमी होते आणि या टॉर्चची मागची स्प्रिंग त्याला पूर्ण दबत होती. टोपीचे आटे शेवटपर्यंत बसत नव्हते, म्हणजे नळीची कडा टेकणार नाही आणि पहिली तक्रार परत येईल. शिवाय पट्टीतल्या ट्रान्झिस्टरांचा स्वतःचा रोध वाटेत वाढतो. दुसऱ्या बाजूने, बिनपट्टीचा सेल सुटा खिशात ठेवला आणि किल्ल्यांना चिकटला तर तो पेटू शकतो. इथे सेल टॉर्चमधून कधी बाहेर निघत नव्हता, चार्जिंग बॉडीतच होत होतं, आणि तपासल्यावर ते ४.१९ व्होल्टला थांबत होतं. ड्रायव्हरचा २.८ चा कटही होताच. म्हणून बिनपट्टीचा, सलग १० अँपिअरहून जास्त देऊ शकणारा ३००० एमएएचचा सेल निवडला. ३५०० चा का नाही? जास्त क्षमतेच्या सेलचा रोध सहसा थोडा जास्त असतो, आणि इथे भांडण रोधाशी होतं.

ड्रायव्हर बदलणं किंवा नवा टॉर्च, दोन्ही बाजूला ठेवले. सेल तीन-साडेतीनशेत येत होता. नवा टॉर्च तिप्पट-चौपट.

केलेली कामं

नवा सेल बसवण्याआधी त्याचीही तीच परीक्षा: गरम खोलीत ४.१७ चे ४.०३, फ्रिजनंतर ४.१६ चे ३.९२. रोध ०.०५ आणि ०.०९. वजन ४६ ग्रॅम.

टोपीतली चकती पुन्हा काढून आटे आणि नळीची कडा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली, कडेवर आधी पेन्सिलचं खोडरबर घासलं. काचकागद टाळला, त्याने कडेचा सपाटपणा जातो. स्प्रिंगचं टोक निळसर पडलं होतं, म्हणजे तिथे उष्णता झाली होती. स्प्रिंगच्या आतून सिलिकॉन आवरणाची बारीक तांब्याची तार तळापासून टोकापर्यंत सोल्डर केली. तार थोडी सैल ठेवायची, नाहीतर स्प्रिंग दबताना सोल्डर तुटतं. टोपीच्या ओ-रिंगला, म्हणजे पाणी अडवणाऱ्या रबरी कड्याला, सिलिकॉन ग्रीस. मोटरच्या बेअरिंगचं ग्रीस किंवा व्हॅसलीन लावायची सवय बऱ्याच दुकानांत आहे. काही रबरं त्याने फुगतात आणि टोपी घट्ट होत नाही.

सेल उलटा घातला तर बिनपट्टीच्या सेलला वाचवणारं काही नसतं, म्हणून नळीच्या तोंडाशी नेलपॉलिशने लाल ठिपका आणि सेलच्या धन टोकालाही तसाच.

शेवटी टॉर्च पिशवीत घालून फ्रिजमध्ये दोन तास, मग बाहेर काढून हायवर सलग. सव्वा तासाच्या जरा आधी बंद पडला. ३००० एमएएच गुणिले ३.६ व्होल्ट म्हणजे पावणेअकरा वॅट-तास, भागिले ८ वॅट, म्हणजे सुमारे ८० मिनिटं; थंडीची घट धरली तर अपेक्षेइतकाच. चाचणी चालू असताना टॉर्चचं डोकं पंख्यासमोर ठेवलं होतं. रानात वारा असतो, टेबलावर नसतो.

निष्पत्ती

जानेवारीच्या उरलेल्या रात्री आणि गव्हाच्या पुढच्या पाण्यापर्यंत हाय मोड मधेच गेला नाही, मोडही उडाला नाही. सेल पूर्ण उतरला की मात्र तो पूर्वीसारखाच सूचना न देता विझतो, कारण या ड्रायव्हरमध्ये कटच्या आधी उजेड कमी करण्याची सोय नाही. त्यावर उपाय एवढाच झाला की वाफे बघायला लो, लांब बघायला हाय, आणि शर्टच्या खिशात दोन एए सेलचा लहान टॉर्च. हा दुसरा टॉर्च पहिल्या दिवसापासून असायला हवा होता. दुरुस्ती चालू असतानाच्या दोन आठवड्यांत तो माणूस मोबाईलच्या उजेडावर रानात फिरत होता.

वेगळं काय करता आलं असतं

पहिल्या दुकानात "बंद पडते" हे उत्तर मानलं गेलं, प्रश्न मानला गेला नाही. कशी बंद पडते, परत कशी लागते, कुठल्या मोडवर, किती वेळाने, गार असताना की गरम: एवढं विचारलं असतं तर दोन तक्रारी काउंटरवरच सुट्या झाल्या असत्या. चकती घट्ट करून एक तक्रार गेली, तेव्हा उरलेली दुसरी आहे हे लक्षात न येता "दुरुस्ती फसली" असा निष्कर्ष निघाला.

बदललेला भाग तपासल्याशिवाय त्यावरून अनुमान काढणं, ही या प्रकरणातली सर्वांत महाग चूक. दीड ओहमचा रेझिस्टर कुठल्याही इलेक्ट्रॉनिक्स दुकानात किरकोळ पैशांत येतो. तोही नसेल तर टोपी काढून सेलचं ऋण टोक आणि नळीची उघडी कडा जाड तांब्याच्या तारेने जोडून पाहता येतं: टॉर्च व्यवस्थित चालला तर दोष टोपीत, नाही तर सेल किंवा पुढचा भाग. तार धन टोकाला लागणार नाही एवढी काळजी मात्र हवी.

दुसऱ्या कारागिराच्या बाजूनेही एक गोष्ट राहिली. जुना सेल इतका लवकर का थकला, हे त्याने विचारलं नाही. ते नंतर बोलताना निघालं. टॉर्च विहिरीजवळच्या पत्र्याच्या शेडमध्ये, स्टार्टरच्या पेटीशेजारी कायम चार्जरला लावलेला असायचा, उन्हाळ्यातसुद्धा. मराठवाड्यात मे महिन्यात बाहेरच ४२ अंश असतात, पत्र्याखाली त्याहून जास्त. पूर्ण चार्ज आणि उष्णता या दोन्हींनी लिथियम सेल वापर न करताही म्हातारा होतो. नवा सेल तिथेच ठेवला तर दोन हिवाळ्यांनंतर हीच तक्रार परत येईल. म्हणून पाण्याची पाळी संपली की तो निम्म्यावर उतरवून घरात, माठाच्या खोलीत ठेवायचं ठरलं. जुना सेल आणि ९८०० वाला, दोघांच्या टोकांना चिकटपट्टी लावून ते कारागिराने ई-कचऱ्यासाठी ठेवून घेतले.